दुखवट्याची सहल

दयाराम वारले त्याला पाच महिने झाले, तरी भीमाबाईंच्या पुढच्या खोलीतली सतरंजी उचलली गेली नव्हती. उचलायला वेळच मिळत नव्हता. जबलपूरच्या गोरखपूर मोहल्ल्यात अगदी रस्त्यावर घर. भाजीला निघालेली माणसंसुद्धा पिशवी दाराशी ठेवून आत येत, पाच मिनिटं रडत आणि कोथिंबीर सुकायच्या आत निघून जात.

भेटायला येण्याची एक रीत होती. आधी रडायचं. मग तोंडावर पाणी मारायचं. मग विचारायचं, "कसं झालं?" आणि मग भीमाबाईंनी सांगायचं. पाच महिन्यांत ते सांगणं आपोआप ठरून गेलं होतं. सकाळी चहा झाला, पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले, छातीत भरल्यासारखं वाटते म्हणाले, गल्लीतले डॉक्टर दहा मिनिटांत आले, पण तोवर... 'तोवर'पाशी भीमाबाई थांबत. तिथे समोरची बाई पदर डोळ्याला लावी, आणि पुढचं सांगायची गरज उरत नसे. मध्येच कोणी नवीन माणूस आला तर मात्र पुन्हा चहापासून सुरुवात करावी लागे. अशा हिशेबाने एखाद्या दुपारी दयाराम चार-चार वेळा वारत.

ते मलेरिया विभागात निरीक्षक होते. तीस वर्षं सायकलवरून गावोगाव हिंडून त्यांनी लोकांच्या बोटांना सुया टोचल्या, काचेवर रक्ताचे थेंब घेतले आणि जगातल्या सगळ्यात कडू गोळ्या समोर उभं राहून गिळायला लावल्या. एवढं ज्याने केलं त्याला माणसं विसरत नाहीत.

जानेवारीतल्या एका दुपारी, शेवटची बाई निघून गेल्यावर, भीमाबाई लेकीला म्हणाल्या, "कुंदा, मले आता रडू येत नाही."

कुंदाने कपबशा गोळा करता करता वर पाहिलं. "बरं झालं ना मग."

"बरं काय झालं? येणारीले वाईट वाटते. काल ती सुपरवायझरची बायको माह्या तोंडाकडं पाहूनच राहिली. शेवटी तिच्यासाठी खोटं रडा लागलं मले." मग जरा थांबून म्हणाल्या, "मले दोन दिवस अशा जागी ने, जिथं ह्यायले कोणी ओळखत नसन. कोणी विचारणार नाही, मले सांगा लागणार नाही. दोनच दिवस. मंग येतील ते येऊ दे."

कुंदा मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवत असे आणि तिथल्या एनसीसीचं कामही पाहत असे, म्हणजे तंबू, दोऱ्या, खुंट्या आणि त्या ठोकायची अक्कल हे सगळं तिच्याजवळ होतं. पाच महिने ती सुट्टीच्या दिवशी चहा करत होती आणि इतर दिवशी कॉलेजात जाऊन मौर्य काळ शिकवत होती. आईचं मागणं ऐकून तिने त्याच संध्याकाळी नकाशा काढला. पहिली रात्र मझौलीला, वराहाच्या देवळामागच्या तळ्यावर. दुसरी रात्र कैमूरच्या डोंगराच्या पायथ्याशी रूपनाथला, जिथे सम्राट अशोकाचा लेख खडकावर कोरलेला आहे. वर्गात त्या लेखाबद्दल तिने अठरा वर्षं सांगितलं होतं आणि तो पाहिला एकदाही नव्हता. बाबांच्या कामाचा भाग सिहोऱ्यापर्यंतच, तेव्हा सिहोरा न थांबता ओलांडलं की झालं, असा तिचा समज होता. डास तहसिलीच्या हद्दी पाळत नाहीत हे तिच्या ध्यानात आलं नाही.

गाडी चालवायला दयारामांचे धाकटे भाऊ लहानू होते. त्यांनी सरकारी बसवर ड्रायव्हरकी केली होती आणि आता जुनी जीप बाळगून होते. कुंदाने त्यांना शपथ घालून सांगितलं की सहलीबद्दल कोणालाही कळता कामा नये. लहानूकाकांनी शब्द दिला आणि पाळलाही. त्यांनी फक्त नथ्थू कंडक्टरला सांगितलं, कारण सख्ख्यासारख्या चुलतबहिणीच्या दारावरून न कळवता जाणं त्यांच्या मनाला पटेना. नथ्थूजवळ त्यांनी सिहोऱ्याच्या ह्या बहिणीला, पार्वताबाईला, निरोप धाडला की वहिनी उद्या तिकडून जातील, पण त्यांना कोणाला भेटायचं नाही, तरी तू रस्त्यावर येऊ नकोस.

सकाळी जीप निघाली. लहानूकाकांचा पाय तीस वर्षांच्या सवयीने रस्त्याकडेला कोणी हात दाखवला की ब्रेकवर जाई. पनागरला एकाने हात दाखवला. जीप थांबली आणि तो माणूस मागे येऊन बसलाही. कुंदा काही बोलायच्या आत काकांनी त्याला वहिनींची ओळख करून दिली. त्याने डोक्यावरचा गमछा काढून मांडीवर ठेवला, उजव्या हाताचं बोट दाखवलं आणि म्हणाला, "इसी उँगली में टोचा था साहब ने." सिहोरा येईपर्यंत भीमाबाईंचं चहापासून 'तोवर'पर्यंत एकदा झालं.

सिहोऱ्याच्या तिठ्यावर रस्त्याच्या मधोमध स्टूल टाकून पार्वताबाई बसल्या होत्या. ऐन पावसाळ्यात पाय मोडल्यामुळे त्यांना अजून जबलपूरला येता आलं नव्हतं, आणि ते दुःख पाच महिने साठलेलं होतं. दोन्ही बाजूंना आधाराला दोन शेजारणी. जीप थांबण्यावाचून इलाज नव्हता. भीमाबाई उतरल्या, आणि पार्वताबाईंनी त्यांच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडला की मागून आलेल्या बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवता वाजवता थांबला. मग त्याला लहानूकाका दिसले. तो खाली उतरला. त्याच्या मागून प्रवासी उतरले.

"पार्वता, तुले येऊ नको म्हणून सांगतलं होतं ना," लहानूकाका हळूच म्हणाले.

"म्हणून तर आली!" पार्वताबाई पदराआडून म्हणाल्या. "म्हणलं, वहिनीचं दुःख किती मोठं असन बाप्पा, का माणसाचं तोंड पाहवत नाही तिले!"

त्यांनी दुखवट्याची साडी भीमाबाईंच्या हातात दिली, प्रत्येकाला दोन-दोन पोळ्या खायला लावल्या, आणि सगळं ऐकून घेतल्यावर मोठ्या समजूतदारपणे सांगितलं की तुम्ही आता निर्धास्त जा. मी मझौलीला बापूसाहेबांना बसमधून निरोप पाठवते, वहिनीला तिथे कोणी त्रास देऊ नका म्हणून. कुंदा नको म्हणेपर्यंत निरोप कंडक्टरला सांगून झाला होता आणि कंडक्टरने दोनदा घंटी वाजवली होती.

बापूसाहेब हे मझौलीच्या शाळेतले निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या मराठी टिकली होती आणि शिस्तही. कुंदाचा तंबू तळ्याकाठी उभा राहतो न राहतो तोच ते काठी टेकत आले, भीमाबाईंना लांबूनच नमस्कार केला, आणि काही न बोलता तंबूच्या तोंडाशी पहारा देत उभे राहिले. भीमाबाईंना फार बरं वाटलं. त्यांनी देवळात जाऊन वराहाची भली मोठी दगडी मूर्ती निवांत पाहिली, त्याच्या अंगावर कोरलेले लहान लहान देव मोजायला सुरुवात केली, आणि साठावर घोटाळा झाल्यावर हसून सोडून दिलं. पाच महिन्यांत आईने काही मोजायला घेतलेलं कुंदाने पाहिलं नव्हतं.

परत आल्या तर तंबूसमोर पंधरा-वीस माणसं बसलेली. झालं होतं असं की, तंबू पाहून जो कोणी थबके त्याला बापूसाहेब बाजूला घेऊन, आत कोण आहे, तिला का त्रास द्यायचा नाही, आणि दयाराम साहेब कसे देवमाणूस होते हे सविस्तर समजावून सांगत. एवढं ऐकल्यावर निघून जाणं कोणालाच बरं दिसेना. म्हणून लोक त्रास न देता नुसते बसत होते. बसलेले पाहून आणखी येत होते. कोणी घरून सतरंजी आणली. शाळेसमोरच्या हॉटेलवाल्याने चहाची किटली पाठवली. एक बाई मागे बसून अगदी हलक्या आवाजात रडत होती, त्रास होऊ नये म्हणून.

"आता इतके जण आलेच आहेत," बापूसाहेब कुंदाला म्हणाले, "तर दोन शब्द बोलून मोकळं करतो सगळ्यांना." त्यांचे दोन शब्द पाऊण तास चालले. मग दोन मिनिटं स्तब्धता झाली. मग भीमाबाईंना सांगावं लागलं. हिंदीतून सांगितलं, म्हणजे 'तोवर'च्या जागी 'तब तक' म्हटलं, एवढाच फरक.

तेवढ्यात मोटारसायकलवरून जाणारा एक माणूस गर्दी पाहून थांबला. तो परगावचा होता. त्याने चप्पल काढली, चेहरा गंभीर केला आणि काठाला उभ्या असलेल्या कुंदाजवळ येऊन हळूच विचारलं, "दीदी, मिट्टी कब उठेगी?"

अंत्ययात्रा कधी निघणार, असं तो विचारत होता. कुंदा म्हणाली, "उनको तो पाँच महीने हो गए, भैया."

त्या माणसाने तंबूकडे पाहिलं. तंबूचा पडदा बंद होता. "पाँच महीने," तो म्हणाला. "तो अभी तक रखा काहे है?"

"रखा नहीं है. हम लोग घूमने आए हैं."

त्याने रडणाऱ्या बायांकडे, बापूसाहेबांकडे, चहाच्या किटलीकडे आणि पुन्हा एकदा कुंदाकडे पाहिलं. मग कुंदाला हात जोडले, उलट्या पावलांनी मोटारसायकलपर्यंत गेला आणि चप्पल न घालताच निघून गेला.

त्या रात्री तंबूत कोणी झोपलं नाही. बापूसाहेबांच्या घरात खाटा असताना दयाराम साहेबांची बायको जमिनीवर झोपली तर मझौलीला तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. सकाळी निघताना जीपमध्ये दुखवट्याच्या पाच साड्या, एक घोंगडी आणि अर्धं पोतं हरभरा होता. भीमाबाई मागच्या सीटवर पोत्याला टेकून बसल्या. चेहरा उतरला होता.

"घरी जाऊ या का?" कुंदाने विचारलं.

"घरी तं तेच हाय," भीमाबाई म्हणाल्या. "एक दिवस अजून उरला ना? पाहू दे मले."

कुंदाने मग सगळी सूत्रं हातात घेतली. जिथून बस जात नाही असा कच्चा रस्ता निवडला. लहानूकाकांना नाकासमोर पाहायला सांगितलं. वाटेत तिघांनी हात दाखवले. काका थांबले नाहीत, पण प्रत्येक वेळी आरशात पाहत पुटपुटत राहिले, "माफ करना भैया, मजबूरी है."

रूपनाथला पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मागे कैमूरचा डोंगर, त्याच्या कुशीत एकावर एक तीन लहान कुंडं, वरच्यातलं पाणी खालच्यात झिरपत होतं. बाजूला लोखंडी कठड्याच्या आत तो खडक. आजूबाजूला माणूस नाही. चौकीदार तेवढा झाडाखाली बसून दोरी वळत होता. त्याचं नाव विष्णू, गाव लांब रीव्याकडे, इथे बदलून येऊन चारच महिने झालेले.

लहानूकाकांना राहवलं नाही. "मलेरिया वाले दयाराम साहब को तो जानते होगे?"

"नहीं," विष्णू म्हणाला आणि दोरी वळत राहिला.

काका दुखावले. ते जीपमध्ये जाऊन डोक्यावर पांघरूण घेऊन झोपले. भीमाबाईंनी मात्र चौकीदाराकडे असं पाहिलं, जसं काही त्याने त्यांना खुर्ची दिली.

तंबू उभा राहिला. भीमाबाईंनी तीन दगड मांडून चूल पेटवली, वांगी भाजली, भाकरी थापल्या. जेवून दोघी खडकापाशी जाऊन बसल्या. अक्षरं पुसट होती, पण होती. कुंदाने सांगितलं की यात राजा म्हणतो, प्रयत्न केला तर लहान माणसालाही मोठं फळ मिळतं. आणि शेवटी एक आकडा आहे, दोनशे छप्पन्न. काही अभ्यासक त्याचा अर्थ असा लावतात की राजा तेव्हा दोनशे छप्पन्न रात्री घराबाहेर, प्रवासात होता.

भीमाबाईंनी अक्षरांवरून नजर फिरवली. "काहून? त्याच्या घरी कोणी वारलं होतं काय?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"दोनशे छप्पन्न रात्री," भीमाबाई म्हणाल्या. "मोठा राजा. त्याले कोणी ओळखत नसन अशी जागा सापडाले वेळ लागला असन."

पाणी झिरपत होतं, डोंगरावर मोर ओरडत होते, आणि कोणी काही विचारत नव्हतं. हवी होती ती जागा हीच, असं कुंदाला वाटलं. तासभर तसाच गेला. दुसरा तास निम्मा झाला असेल, तेव्हा भीमाबाई उठल्या, तंबूची एक दोरी उगीचच घट्ट केली, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या.

"काय झालं?"

"काही नाही. लई शांत हाय."

दिवस मावळायला आला तसा त्यांनी चहा टाकला. एक पेला जास्त ओतला आणि विष्णूला हाक मारली. तो येऊन चुलीपासून जरा दूर उकिडवा बसला. भीमाबाईंनी त्याला कधी मलेरिया झाला होता का विचारलं. त्याने नाही म्हटलं. इकडे मच्छर फार आहेत, असं त्या म्हणाल्या. त्याने हो म्हटलं.

"इनको चाय बहुत कड़क लगती थी," भीमाबाई म्हणाल्या.

"अच्छी बनी है," विष्णू म्हणाला.

'इनको' म्हणजे कोणाला, हे त्याने विचारलं नाही. परक्या बाईला असलं काही विचारणं त्याच्या रीतीत बसत नसावं. भीमाबाईंनी लाकूड पुढे सारलं, मागे घेतलं, आणि शेवटी सरळच म्हणाल्या, "हमारे आदमी नहीं रहे."

विष्णूने पेला खाली ठेवला. "कब?"

"अगस्त में." आणि त्यांनी सुरुवात केली. सकाळी चहा झाला, पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले, छातीत भरल्यासारखं वाटतं म्हणाले, डॉक्टर दहा मिनिटांत आले, पण 'तब तक'... भीमाबाई थांबल्या. विष्णू त्यांच्याकडे पाहत राहिला. त्याच्याजवळ पदर नव्हता, आणि गोष्ट अजून संपली नाही हे त्याला दिसत होतं. तो पुढचं ऐकायला थांबला होता.

भीमाबाईंना पुढे जावं लागलं.

"उसके पहले बोले, पंखा बंद कर," त्या म्हणाल्या. "मैं बोली, नहीं करती. मैं रसोई से आई थी, पूरा पसीना था. वो बोले, ठंड लग रही है. मैं बोली, अगस्त में किसको ठंड लगती है? तुम्हारे मरीजों को लगती होगी. बस. फिर कुछ नहीं बोले."

कुंदाच्या हातात सरपण होतं ते तसंच राहिलं. पाच महिने स्वयंपाकघरात उभं राहून तिने ही हकीकत दोनशे वेळा तरी ऐकली होती. त्यात पंखा नव्हता.

विष्णूने पेला पुन्हा उचलला. "हमारे यहाँ तो रोज़ का है," तो म्हणाला. "घरवाली बंद करती है, हम चालू करते हैं. वो फिर बंद करती है."

"फिर?"

"फिर क्या. बत्ती चली जाती है."

भीमाबाई त्याच्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. मग त्यांना हसू आलं. दाबायला गेल्या तर ठसका लागला, पाणी प्यायल्या तर पुन्हा हसू आलं, आणि मग डोळे वाहायला लागले ते बराच वेळ थांबेनात. हसणं कधीच संपलं होतं. विष्णू घाबरला नाही, त्याने समजूतही घातली नाही. तो चुलीतलं लाकूड नीट करत बसला. कुंदा सरपण खाली ठेवून आईच्या शेजारी येऊन बसली, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदाच चहा करायला उठली नाही.

अंधार पडण्याआधी फाटक लावायचं होतं म्हणून विष्णू उठला. सकाळी लवकर निघणार असाल तर फाटक उघडून ठेवीन, म्हणाला. कुंदा हो म्हणणार होती; उद्या जवळच्याच तिगवां गावचं जुनं देऊळ पाहून घरी पोचायचं ठरलेलं होतं, परवा कॉलेज होतं.

भीमाबाईंनी नाक पुसलं, पदर सारखा केला आणि किटलीत अजून किती चहा उरलाय ते हलवून पाहिलं.

"उद्या कायले जाचं?" त्या लेकीला म्हणाल्या. "ह्याले अजून आमच्या लग्नाचं सांगतलंच नाही."